पालकांचा फुटबॉल जरूर खेळवा, पण चारच्या उन्हात नको

पालक-शिक्षक संघाचे अध्यक्ष, सचिव, सदस्य, दोन्ही टीमचे कॅप्टन आणि उन्हाळी सामना भरवणाऱ्या समस्त मंडळींना,

सप्रेम नमस्कार.

यंदाच्या पालक सामन्याची बैठक या पंधरवड्यात होणार असं कळलं. बैठकीत आधी स्वागत, मग मागच्या वर्षीचा जमाखर्च, मग चहा, आणि माझ्यासारखीनं हात वर केला की "ताई, उशीर झालाय, तुमचा विषय पुढच्या वेळी घेऊ." म्हणून हे पत्र. खुलं अशासाठी, की जे मैदानात पळतात त्यांनीही ते वाचावं आणि ज्यांची लेकरं रेषेवर उभी राहून ओरडतात त्यांनीही.

मागणी आधीच सांगते. सामना बंद करू नका, वेळ बदला. दुपारी चारऐवजी सकाळी सव्वासहा. आणि पाण्यासाठी खेळ थांबवायची शिट्टी रेफरीनं आपणहून मारायची, कुणी मागायची वाट बघायची नाही.

मागच्या एप्रिलात सातवीतल्या एका लेकराचे बाबा खेळता खेळता मधोमध खाली बसले आणि त्यांना उठता येईना. तेव्हापासून गावात दोन तट पडलेत. एक म्हणतो, बंद करा हे खूळ, तालुक्याच्या गावाला कशाला पाहिजेत असले चोचले. दुसरा म्हणतो, काही होत नाही हो, आपण उन्हातच वाढलो. मला दोन्ही पटत नाहीत, आणि बैठकीत या दोघांचंच भांडण होऊन तिसरं काही ठरणारच नाही, अशी मला भीती आहे.

पहिल्या तटाला मी एवढंच म्हणते, की तुम्ही एकदा येऊन बघा. आपल्याकडं खेळ म्हणजे क्रिकेट, नाहीतर कबड्डी, खो-खो. खो-खोत तर आपल्या मराठवाड्यातल्या धाराशिवच्या सारिका काळेनं २०२० साली अर्जुन पुरस्कार मिळवला. फुटबॉलला आपल्याकडं तसा वारसा नाही, असं सगळे म्हणतात. माझे सासरे ते ऐकून घेत नाहीत. मराठवाडा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता, आणि त्याच काळात हैदराबाद सिटी पोलिसांच्या टीमनं मुंबईत जाऊन १९५० ते १९५४ सलग पाच वर्षं रोव्हर्स कप उचलला. त्यांचे कोच सय्यद अब्दुल रहीम. त्यांच्याच हाताखाली भारतानं १९५१ आणि १९६२ ची आशियाई सुवर्णपदकं मिळवली. रहीमसाहेब मुळात शाळामास्तर. "म्हणजे ते पदक आपल्याच राज्यातल्या मास्तरानं आणलं म्हणायचं," असं म्हणून सासरे विषय संपवतात. हिशोबात १९६२ बसत नाही हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.

तर खेळ. आपल्या सामन्यात बँकेतले साहेब असतात, कोल्हापूरहून बदली होऊन आलेले. त्यांच्या अंगात पेठेचं रक्त, शाहू स्टेडियमवर तालमीच्या टीमांचे सामने बघत लहानाचे मोठे झालेले. ते मैदानात उतरले की सगळ्यांना एकेरीवर येतात, "क्रॉस घाल, क्रॉस घाल की!" आणि ज्याला ओरडतात तो ग्रामसेवक बॉल हातात धरून विचारतो, "कुठं?" मोंढ्याजवळचे मेकॅनिक चाचा पन्नाशीचे आहेत, पण बॉल त्यांच्या पायाला चिकटतो. मागच्या वर्षी त्यांनी दोघा तरण्याताठ्या बापांना चकवून बॉल अलगद भाभींच्या पुढ्यात टाकला आणि भाभींनी सलवार सावरत तो गोलात मारला, तेव्हा आख्खी पाचवी मैदानात घुसली. लेकरांना बाहेर काढायलाच पाच मिनिटं गेली. वर्षभर पालकसभेत एकमेकांच्या शेजारी गप्प बसणारी माणसं त्या दिवशी एकमेकांना खांद्यावर घेत होती. हे बंद करायचं म्हणणाऱ्यांना हात जोडते.

आता दुसऱ्या तटाकडं येते. माझा खरा वाद यांच्याशीच आहे.

"आपण उन्हातच वाढलो." बरोबर. पण उन्हात वाढलेला माणूस उन्हात करतो काय, ते बघा. सालगडी पहाटे औत धरतो, अकराच्या ठोक्याला लिंबाखाली येतो, भाकर खाऊन आडवा होतो आणि ऊन कललं की परत उठतो. ज्याला उन्हाची खरी सवय तो उन्हाला सगळ्यांत जास्त वचकून असतो. चारच्या उन्हात पळायला निघतो तो आपण. आपल्यातले निम्मे दिवसभर कूलरसमोर किंवा काउंटरमागं बसणारे. शरीराला उन्हात कष्ट करायची सवय व्हायला दहा-चौदा दिवस रोज थोडं थोडं उन्हात काम करावं लागतं. वर्षभर बसून एका रविवारी पळालं तर शरीराला ते कळत नाही.

चारची वेळ कुणी ठरवली, मला माहीत आहे. "चारला ऊन उतरतं." सावली लांब पडते, म्हणून वाटतं तसं. पण हवा सगळ्यांत जास्त तापते ती बाराला नाही, दुपारी तीन-चारच्या सुमारास. सूर्य कललेला असतो, जमीन मात्र सकाळपासून तापत आलेली असते आणि ती आता खालून परत करायला लागते. आपलं मैदान म्हणजे काळ्या मातीवर टाकलेला मुरूम. एका कडेला एक लिंब, बाकी उघडं माळरान. चार वाजता फक्की मारलेल्या रेषेवर हात टेकवून बघा, मग आपण बोलू.

आणि पेपरातल्या आकड्यावर जाऊ नका. "आज परभणी ४२" असं छापून येतं, तो आकडा असतो वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या वेधशाळेतला. तिथलं तापमापक झडपांच्या पांढऱ्या पेटीत, जमिनीपासून चारेक फूट उंच, वारा खेळेल असं ठेवलेलं असतं. म्हणजे ते ४२ सावलीतलं. मैदानात तुमच्या डोक्यावर सावली नसते, खाली मुरूम असतो आणि अंगात पळण्याची आग वेगळी. पळणारा माणूस आतून स्वतःच उष्णता तयार करतो, ती बाहेर टाकायची घामाशिवाय दुसरी वाट नाही, कारण बाहेरची हवाच अंगापेक्षा गरम आहे.

आपल्याकडचा घाम तर दिसतही नाही. मुंबईत माणूस निथळतो, त्याला कळतं आपलं पाणी चाललंय. आपलं ऊन कोरडं, घाम आला की उडाला. टी-शर्ट कोरडा, पाठीवर फक्त मिठाचे पांढरे नकाशे. "मला तर घामही आला नाही," असं अभिमानानं सांगणारा गडी लिटरभर पाणी घालवून बसलेला असतो.

त्या दिवशी काय झालं ते ज्यांनी लांबून बघितलं त्यांच्यासाठी सांगते. सामना चारला होता. पाहुणे पावणेपाचला आले. तोवर दोन्ही टीम ओळीनं उभ्या, कारण "पाहुणे आल्यावर धावपळ नको". मग नारळ, मग ओळखपरेड, मग सत्कार. एप्रिलच्या उन्हात, भर मैदानात, घामेजल्या माणसाच्या खांद्यावर लोकरीची शाल. एकाला नाही, सगळ्या कमिटीला. त्यानंतर प्रास्ताविक. पाहुणे मंडपात खुर्चीवर, मंडप पश्चिमेला, म्हणजे पश्चिमेचं ऊन तोंडावर घेऊन उभे होतो ते आम्ही. खेळ सुरू झाला तेव्हाच माणसं अर्धी शिजलेली होती.

पाण्याचा जार होता, थंडगार होता, फक्त तो मंडपात पाहुण्यांच्या मागं होता. पहिल्या हाफला कुणी तिकडं गेलं नाही. दुसऱ्या हाफमध्ये ते बाबा आधी चालायला लागले. मग गुडघ्यावर हात ठेवून उभे राहिले. मी राइट बॅकला, म्हणजे उजव्या बाजूच्या बचावाला होते, ते माझ्याच बाजूला. मी म्हटलं, भाऊ, बाहेर जा थोडं. ते म्हणाले, "पोरगं बघतंय." आणि खरंच, रेषेवरून त्यांचा मुलगा ओरडत होता, "पप्पा, पळा! पप्पा, पळा!" पप्पा पळाले. दहा पावलं गेले आणि बसले.

पुढचा गोंधळ तर विचारू नका. चाळीस माणसांचं कोंडाळं, वारा बंद. एकानं खिशातला कांदा काढून नाकाला लावला. एकानं तोंडात पाणी ओतायला सुरुवात केली, त्याचा हात मी धरला. एक जण मोटारसायकलला किक मारून माझ्याच दुकानात पॅरासिटामॉल आणायला निघाला. शेवटी पी.टी. सरांनी सत्काराची एक शाल जारमध्ये बुडवली आणि ती त्यांच्या छातीवर टाकली, दोघांनी खुर्च्यांवरचे बॅनर ओढून वारा घातला, तेव्हा कुठं ते डोळे उघडून नीट बोलायला लागले. त्या शालींचा दिवसभरात एवढाच काय तो उपयोग झाला. दवाखान्यात सलाइन लागलं, रात्री घरी आले. थोडक्यात निभावलं. आपल्याकडं म्हणतातच, बनी तो बनी, नहीं तो परभणी. पण माणसाच्या जिवाचं नियोजन या म्हणीवर करू नये, एवढी माझी विनंती आहे.

माझं मेडिकलचं दुकान आहे हे तुम्हा सगळ्यांना माहीत आहे, म्हणून गोळ्यांचं बोलते. ऊन लागल्यावर पॅरासिटामॉल कामाचं नाही. तापात शरीर आपला पारा आपणच वर चढवतं, तो ही गोळी खाली आणते. उन्हानं आणि पळण्यानं चढलेल्या पाऱ्याला ती हात लावू शकत नाही. तिथं एकच उपाय, अंग थंड करणं, आणि ते दवाखान्यात पोचायच्या आधी, जागेवरच सुरू करणं. सावलीत घ्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी मारून वारा घाला, बर्फ असेल तर मानेला, काखेत, जांघेत ठेवा, १०८ ला फोन करा. माणूस असंबद्ध बोलायला लागला, झिंगल्यासारखा चालायला लागला, तर तो "थकलाय" असं समजू नका, तो उष्माघात धरून चला. आणि शुद्धीवर नसलेल्याच्या तोंडात पाणी ओतू नका, ते श्वासनळीत जातं. कांदा भाजीत बरा.

दुसरं. बी.पी.साठी ज्यांना लघवी जास्त होणारी, आपण "पाण्याची गोळी" म्हणतो ती सुरू आहे, त्यांचं पाणी उन्हात दुहेरी जातं. बी.पी.च्या काही गोळ्या काळजाचा वेग वाढू देत नाहीत, सर्दीच्या काही गोळ्या घाम कमी करतात. अशांनी सामन्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारावं. टीममध्ये कोण कोणती गोळी घेतं ते माझ्या वहीत आहे. ते वहीतच राहील. पण मैदानात मी कुणाला "भाऊ, तुम्ही पाच मिनिटं बाहेर बसा" म्हटलं, तर कारण विचारत बसू नका.

तिसरं, त्या गोड डब्यांचं. मागच्या वेळी कुणीतरी प्रेमानं सगळ्यांसाठी ओ.आर.एस. म्हणून सफरचंदाच्या चवीचे डबे आणले होते. ते ओ.आर.एस. नव्हतं, साखरेचं पाणी होतं. खऱ्या पुडीचं माप जागतिक आरोग्य संघटनेनं ठरवून दिलंय: एका लिटर पाण्याला ग्लुकोज १३.५ ग्रॅम, मीठ २.६, पोटॅशियम क्लोराइड १.५ आणि सायट्रेट २.९, सगळं मिळून २०.५ ग्रॅम. एवढंच, आणि चव बेताचीच. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष वर्षानुवर्षं या नावाच्या फसवणुकीविरुद्ध भांडल्या, तेव्हा २०२५ च्या ऑक्टोबरात अन्नसुरक्षा प्राधिकरणानं असल्या पेयांच्या नावात ओ.आर.एस. वापरायला बंदी घातली. आपल्या चाळीस मिनिटांच्या खेळाला तर पुडीचीही गरज नाही. साधं पाणी, मीठ घातलेलं लिंबूपाणी नाहीतर पातळ ताक पुरतं. पुड्या मी ठेवीन, त्या जुलाब झालेल्या लेकरांसाठी जास्त लागतात.

आता शिट्टीचं, कारण माझ्या मते सगळं अडतं ते इथंच.

त्या दिवशी जार चाळीस पावलांवर होता आणि कुणालाही कुणी अडवलं नव्हतं. तरी कुणी गेलं नाही. का? बापमाणूस आपल्या लेकरासमोर "मला पाणी पाहिजे" म्हणत नाही. बायका तर अजिबातच म्हणत नाहीत. आधीच "या काय खेळणार" हे ऐकून उतरलेल्या असतात, पाणी मागितलं की ते खरं ठरेल असं वाटतं. समोरची टीम थांबत नाही म्हणून आपण थांबत नाही, आणि आपण थांबत नाही म्हणून ते थांबत नाहीत. या कोंडीतून कुणा एकाच्या शहाणपणानं सुटका होत नाही. शिट्टी वाजली आणि सगळ्यांनाच बाहेर जावं लागलं, तर कुणाची मान खाली जात नाही. म्हणून मी म्हणते की "ज्यांना लागेल त्यांनी पाणी घ्यावं" असली सूचना नको. थांबायचं म्हणजे बाविसांनी थांबायचं.

हा माझा बायकी घाबरटपणा नाही. फुटबॉलच्या नियमपुस्तकात सातव्या नियमात हे लिहिलेलंच आहे: पाण्यासाठी थांबायचं तर एका मिनिटापर्यंत, अंग निववायला थांबायचं तर दीड ते तीन मिनिटं. २०१४ च्या ब्राझीलच्या वर्ल्ड कपात नेदरलँड्स आणि मेक्सिको यांच्यात फोर्तालेझाला सामना झाला, तेव्हा रेफरीनं दोन्ही हाफमध्ये खेळ थांबवून सगळ्यांना पाणी पाजलं. २०२२ चा कतारमधला वर्ल्ड कप फुटबॉलच्या जागतिक संघटनेनं, फिफानं, उन्हाळ्यातून काढून नोव्हेंबर-डिसेंबरात नेला, तो ऊन सोसत नाही म्हणूनच. २०२५ मध्ये अमेरिकेत क्लब वर्ल्ड कप झाला. सिनसिनाटीला जर्मनीच्या डोर्टमुंड टीमचे राखीव खेळाडू पहिला हाफ मैदानाकडेच्या बाकावर बसलेच नाहीत, आत ड्रेसिंग रूममध्ये बसून टीव्हीवर बघत होते. कोट्यवधींचे पाय असलेली, रोज सराव करणारी पंचविशीतली पोरं. आणि आपण चाळिशीतली, पोट सुटलेली, शालीचं ओझं घेऊन. जगात जर्मनी, भारतात परभणी, हे ठीक आहे. मग या बाबतीतही जर्मनांचं ऐका की.

आणि खेळसुद्धा लांब राहिला. १६ एप्रिल २०२३ ला खारघरला महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या कार्यक्रमाला लोक उघड्यावर नुसते बसले होते. उष्माघातानं १४ जण गेले. त्यानंतर सरकारनं जाहीर केलं की ऊन कमी होईपर्यंत दुपारी १२ ते ५ उघड्यावर कार्यक्रम घ्यायचे नाहीत. आपले पाहुणे पावणेपाचला आले होते.

"मग डिसेंबरात घ्या ना," असं शहरात राहून आलेली मंडळी लगेच म्हणतील. थंडीत खेळायला मजाच आहे, डिसेंबरात परभणीचा पारा कुठवर उतरतो तेही आपल्याला माहीत आहे. पण आपल्या शाळेतले पालक कोण आहेत ते बघा. दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेली कुटुंबं कारखान्यांचे पट्टे पडल्यावर, म्हणजे गाळप संपल्यावर, मार्च-एप्रिलात परततात. त्यांची लेकरं तोवर आजीपाशी असतात नाहीतर वसतिगृहात. डिसेंबरात कापूस वेचणी, मग तूर, हरभरा, ज्वारीची काढणी. पाडवा झाला की शेतकरी जरा मोकळा होतो, तो मृगापर्यंत. म्हणजे वर्षात सगळे आईबाप गावात असण्याचा काळ नेमका उन्हाचाच. डिसेंबरात सामना ठेवला तर खेळतील दुकानदार, मास्तर आणि बँकवाले. मागच्या वर्षी मेकॅनिक चाचांच्या जोडीला जो बाप वाऱ्यासारखा पळत होता, तो महिनाभरापूर्वीच कर्नाटकातल्या फडावरून आला होता. त्याच्या पोरीनं बापाला असं पळताना पहिल्यांदाच बघितलं. तिचा सामना मी डिसेंबरात न्यायला तयार नाही.

टर्फचाही विषय निघेल. नवीन झालंय, रात्री लाइट असतात, हिरवंगार दिसतं. रात्री खेळायला काही हरकत नाही, पण तासाचं भाडं, वर्गणी, आणि जाळीत मावणार किती? लेकरं बघणार कुठून? आणि दुपारी त्यावर जायचा विचारही करू नका. प्लास्टिकचं गवत उन्हात मातीपेक्षा जास्त तापतं.

म्हणून सकाळ. एप्रिलअखेर आपल्याकडं सूर्य सहाच्या आसपास उगवतो. सव्वासहाला शिट्टी झाली तर साडेसातला सगळं उरकतं, आणि मैदान रात्रभर निवलेलं असतं. सकाळी वारा पडलेला असतो, त्यामुळं धुरळाही कमी. धुरळा बसवायला मागच्या वर्षी टँकर मागवला होता, तो तरी वाचेल. २०१६ च्या एप्रिलात शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणायला लागलं, हे आपण डोळ्यांनी बघितलंय. अशा मुलखात मैदानावर टँकर ओतताना जरा तरी विचार करावा.

सकाळची अडचण मला माहीत आहे, आणि ती पुरुषमंडळींच्या लक्षात येणार नाही म्हणून लिहिते. नळ. ज्या दिवशी आपल्या भागाला पाणी सुटतं, त्या दिवशी कुठलीही बाई पहाटे घर सोडू शकत नाही, मग वर्ल्ड कप फायनल असो. तेव्हा तारीख ठरवताना आधी नगरपालिकेच्या पाणी सोडणाऱ्या माणसाला विचारा, पाहुण्यांना नंतर. शिवाय सकाळी सहाला आई मैदानात हवी असेल तर घरचा चहा आणि म्हाताऱ्यांच्या गोळ्या-नाश्ता त्या दिवशी बापांनी बघायचं. नाहीतर मैदानावरच पोहे करा, हरणाऱ्या टीमच्या बापांनी कांदा चिरायचा. खिशातला चालेल.

खेळाची रीतही थोडी बदलू. वीस-वीसचे दोन हाफ नकोत. दहा-दहा मिनिटांचे चार डाव करू, प्रत्येकानंतर तीन मिनिटं सक्तीची सावली. बदली खेळाडू कितीही, कितीदाही. बाहेर गेलेला परत आत येऊ शकतो. आपण कुठं फिफाच्या पॉइंटसाठी खेळतोय? दोन जार दोन्ही गोलांच्या मागं, लिंबाखाली आडवी शेडनेट, एक बादली पाणी आणि चार जुने पंचे भिजवायला. बर्फ रसवंतीवाल्याकडून मी आणते. नारळ फोडा, त्याला वेळ लागत नाही. सत्कार करायचाच असेल तर सामन्यानंतर, सावलीत, आणि शालीऐवजी टोपी द्या. पाहुणे सव्वासहाला येणार नसतील तर त्यांच्याशिवाय सुरू करायचं, हे पत्रिकेतच छापा. खरं सांगायचं तर पाहुणे बोलवूच नका, पण एवढं तुमच्याच्यानं होणार नाही, हेही मला ठाऊक आहे.

आणि रेषेवरच्या लेकरांना आदल्या दिवशी वर्गात कुणीतरी सांगा, की बाबा चालायला लागले तर "पळा" ओरडायचं नाही, पाण्याची बाटली घेऊन जायचं. मास्तरांचं ती ऐकतात. आमचं नाही ऐकत.

बैठकीला मी येणार आहे. चहाच्या आधी पाच मिनिटं द्या. तारीख ठरली की फक्कीचं पोतं कुणाकडं पडलंय तेवढं शोधून ठेवा. शिट्टी मी आणते, पी.टी. सरांची जुनी शिट्टी चौथ्या फुंकेला वाजते.

आपली,
पाचवी 'ब' मधल्या एका लेकीची आई,
राइट बॅक, पाचवी-सहावी पालक टीम